स्टॉक व्ही-क्रॉसला मोठे ऑल-टेरेन टायर: लिफ्ट न करता काय बसतं, काय घासतं

कोल्हापूर-गगनबावडा रस्ता सोडून आत वळलं की आमच्या रानापर्यंत पाणंद आहे. मे महिन्यात तिथून कुठलीही गाडी जाते. मिरग बरसला की तीच पाणंद वेगळी होते. खाली जांभ्याचा कातळ, त्यावर लाल मातीचा थर, मधून पाण्याने पाडलेल्या चऱ्या. जुलैत कातळाला शेवाळ धरतं आणि मग चालत जाणारा माणूससुद्धा कडेच्या गवतातूनच चालतो. जिल्ह्यात सगळ्यात जास्त पाऊस आमच्याच तालुक्यात, त्यामुळे हे चार महिने असंच चालायचं.

गाडी आहे इसुझू डी-मॅक्स व्ही-क्रॉस, १.९ लिटर डिझेल, मॅन्युअल, ४x४. कागदावर १६३ पीएस आणि ३६० न्यूटन-मीटर. ताकदीला कधीच कमी पडली नाही. अडत होतं ते टायरला. कंपनीकडून आलेले २५५/६० आर १८ हे हायवेचे टायर. डांबरीवर शांत, पावसात भरवशाचे, पण त्यांच्या बारीक खाचांत लाल माती एकदा बसली की टायर गुळगुळीत होतो आणि फोर-लो (चारही चाकांना जोर देणारा, सगळ्यात हळू पण ताकदीचा गिअर) लावूनही चारही चाकं जागच्या जागी फिरत राहतात. टायर तसेही झिजत आले होते, नवे घ्यायचेच होते. तेव्हा ठरवलं, घ्यायचेच तर ऑल-टेरेन, म्हणजे डांबरी आणि रान दोन्हीकडे चालणारे, आणि बसतील तेवढे मोठे. अट एकच: गाडीला हात लावायचा नाही. लिफ्ट किट (गाडी उंच करणारे भाग) नको, स्पेसर (चाक बाहेर काढणारी चकती) नको, रिम त्याच. या गाडीत आई बसते, शेणखत जातं, कधी जांभ्याचे चिरेही जातात. उंच करून दिखाऊ केलेली गाडी मला नको होती.

आता आकड्यांचं. टायरवरचा पहिला आकडा रुंदी, मिलिमीटरमध्ये. दुसरा आकडा म्हणजे रुंदीच्या किती टक्के बाजूची भिंत. तिसरा रिमचा व्यास, इंचात. म्हणजे २५५/६० आर १८ ची भिंत १५३ मिलिमीटर, दोन भिंती आणि १८ इंचाची रिम मिळून पूर्ण व्यास ७६३ मिलिमीटर, साधारण ३० इंच. २६५/६० आर १८ घेतला तर व्यास ७७५, म्हणजे दीड टक्का वाढ. २६५/६५ आर १८ घेतला तर ८०२, पाच टक्के वाढ, साडेएकतीस इंच. फोटोत झकास दिसतो तो २८५/६५ आर १८, ८२८ मिलिमीटरचा.

२८५ चा विषय रिमनेच संपवला. माझ्या रिमवर आतल्या बाजूला ७.५ जे कोरलेलं आहे, म्हणजे रिमची रुंदी साडेसात इंच. टायर कंपन्यांच्या तक्त्यात २८५ रुंदीच्या या टायरला किमान आठ इंचाची रिम लागते. अरुंद रिमवर तो बसतो, नाही असं नाही, पण मधला भाग फुगून येतो, कडा जमिनीला नीट टेकत नाहीत आणि वळणावर टायर रिमवर डुलतो. २६५/६५ ला साडेसात इंच चालते, अगदी खालच्या टोकाला का होईना. तेव्हा माझी उडी तिथपर्यंतच.

इथे एक गोष्ट सांगतो, कारण बहुतेक जण ती सोडून देतात. व्यास ३९ मिलिमीटरने वाढला तरी गाडी उचलली जाते त्याच्या निम्मी, १९ मिलिमीटर. पाऊण इंच. डिफरन्शियलखाली, म्हणजे ॲक्सलच्या मधल्या गोळ्याखाली, पाऊण इंच जागा वाढावी म्हणून कोणी ऐंशी हजार रुपये घालणार असेल तर त्याने घालू नयेत. खरा फायदा दोन ठिकाणी आहे. एक, खाचांची खोली आणि रुंदी, जिच्यामुळे माती बाहेर फेकली जाते. दुसरा, बाजूची भिंत १५३ ची १७२ झाली, म्हणजे हवा कमी करून चालवायला जास्त रबर हाताशी आलं. उंची त्यात फुकटात मिळते म्हणायचं.

लोड इंडेक्स बघितला. ११२ म्हणजे एका टायरवर ११२० किलो, ११४ म्हणजे ११८०. पिकअपला कंपनीच्या आकड्यापेक्षा खाली कधीही जायचं नाही, दुकानदार कितीही म्हणाला तरी. माझ्यासमोर त्याच साइजमध्ये दोन प्रकार होते. एक साधा, दुसरा ‘एलटी’, म्हणजे हलक्या ट्रकसाठीचा, जाड भिंतीचा. एलटी दगडाला भारी, पण जड, कडक, आणि रिकाम्या पिकअपच्या लीफ स्प्रिंगवर तो टायर म्हणजे कंबरेला शिक्षा. माझी गाडी निम्मा वेळ रिकामी पळते. साधा घेतला. मड-टेरेनचा, म्हणजे खास चिखलासाठीच्या टायरचा, विचारही केला नाही. रानात ते राजे, पण पुणे-बंगळूर हायवेवर त्यांचा घों-घों आवाज आणि ओल्या डांबरीवरचं ब्रेकिंग मला झेपणारं नाही.

घेण्याआधी कागदांची बाजू तपासली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ प्रमाणे, कंपनीने मुळात दिलेल्या तपशिलाशी आरसीचा मेळ बसणार नाही असा बदल मालकाला करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये केरळातून आलेल्या एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानेही तेच ठणकावून सांगितलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीने आलेल्या कलम १८२अ मध्ये अशा बदलाला सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा प्रत्येक बदलामागे पाच हजार रुपये दंड, किंवा दोन्ही असं आहे. त्याच मॉडेलच्या वरच्या व्हेरियंटला कंपनीच जो साइज देते तो घालणं सगळ्यात निर्धोक. टायर एक टप्पा मोठा घालणं या बदलात मोडतं का, यावर चार जणांना विचारलं तर पाच मतं मिळतात. मी विमा कंपनीला जुना आणि नवा साइज लिहून मेल टाकला. उत्तर आलं ते गोलमोल, पण कळवल्याची नोंद माझ्याकडे राहिली. वॉरंटी संपलेली होती. तुमची चालू असेल तर सस्पेन्शन किंवा स्टिअरिंगचा दावा करताना हा टायर आडवा येऊ शकतो हे धरून चाला. जुने टायर विकले नाहीत, गोठ्याच्या माळ्यावर ठेवलेत.

टायर घेतले उद्यमनगरात. दुकानदाराशी आधीच बोली केली की पुढची दोन चाकं चढवायची, तपासायचं, आणि पटलं तरच उरलेले तीन. तो तयार झाला, पण त्याला हा खटाटोप पटलेला नव्हता.

“मालक, बसतंय की. लई गाड्यांना घातलंय.”

“बसतंय ते मलाबी माहीत आहे. घासतंय का ते बघायचंय.”

“थोडं घासतंय हो सगळ्यांचंच. चार दिवसांत आपोआप जागा करून घेतंय.”

टायरने प्लास्टिक खाऊन स्वतःची जागा करून घ्यायची ही पद्धत खूप ठिकाणी चालते. प्लास्टिकचं असेल तर चालेलही. मला धास्ती होती ती चेसिसवर बॉडी जिथे रबराच्या माऊंटवर बसते त्या जागेची. पुढच्या चाकाच्या बरोबर मागे तो पत्र्याचा जाड कोपरा असतो. पूर्ण स्टिअरिंग वळवून खड्ड्यात चाक दबलं आणि टायरची कड तिथे कापली गेली, तर करूळ घाटात ते कळून काय उपयोग?

म्हणून घरून कणीक घेऊन गेलो होतो. चपातीला मळतात तशीच, फक्त जरा घट्ट आणि वरून तेलाचं बोट फिरवलेली. चाकाच्या आसपास जिथे जिथे संशय होता तिथे लिंबाएवढे गोळे चिकटवले: बॉडी माऊंटच्या कोपऱ्यावर, मडगार्डच्या आतल्या लायनरवर मागे आणि पुढे, बंपरच्या खालच्या काठावर, आणि आतल्या बाजूला, चाकाला धरणाऱ्या वरच्या कंट्रोल आर्मपाशी. मग स्टिअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायचं, उतरायचं आणि गोळा किती चेपला ते बघायचं. जागा उरली असेल तर कणकेची जाडी मोजता येते. घासत असेल तर कणीक उरतच नाही. दुकानातली पोरं आधी हसली, मग त्यातलाच एक जण टॉर्च धरून शेजारी बसला.

सपाट जमिनीवर उभ्या गाडीत सगळं ठीक निघालं. बॉडी माऊंटवरचा गोळा शाबूत, लायनरवरचा थोडा चेपलेला, कंट्रोल आर्मपाशी बोट आरामात जाईल एवढी जागा. दुकानदार म्हणाला, “झालं समाधान?”

पण उभ्या गाडीत बसणं ही परीक्षाच नव्हे. सस्पेन्शन दबल्यावर चाक सरळ वर जात नाही, आर्मच्या कमानीत फिरत वर जातं. त्यात पुढे जाताना ब्रेक दाबला की बुशचं रबर दबून चाक किंचित मागे सरकतं, बॉडी माऊंटच्या दिशेने, आणि रिव्हर्सला ब्रेक दाबला की पुढे, बंपरकडे. म्हणून डाव्या पुढच्या चाकाखाली सिमेंटचे ब्लॉक रचून चाक वर चढवलं, उजवं मागचं चाक दुसऱ्या ढिगावर घेतलं, म्हणजे गाडी तिरकी पिळली गेली. मग स्टिअरिंग पुन्हा टोकापर्यंत, दोन्हीकडे. इंच-दोन इंच पुढे-मागे, ब्रेक मारत.

खाली वाकून बघितलं तर लायनरच्या मागच्या भागावरच्या कणकेत टायरची अख्खी नक्षी उमटली होती. खाचा, खाचांमधल्या बारीक रेघा, कडेच्या गोट्या, सगळं साच्यातून काढल्यासारखं. मधोमध कणीक फाटून काळं प्लास्टिक उघडं पडलं होतं. मडफ्लॅपच्या आतल्या काठावरचा गोळा तर टायरला चिकटून गेलाच होता. बॉडी माऊंटवरची कणीक मात्र बारा मिलिमीटर उरली. कॅलिपर लावून मोजली. कंट्रोल आर्मपाशी चौदा. बंपरकडे कशालाच धक्का नाही.

दुकानदाराने टॉर्च स्वतःकडे घेतला आणि बराच वेळ आत बघत बसला. “ह्ये आम्ही कधी बघितलंच न्हाई,” म्हणाला. त्याचा मिस्त्री लगेच ग्राइंडर काढायला निघाला होता, बॉडी माऊंटचा कोपरा साफ करून देतो म्हणाला. त्याला थांबवलं. बारा मिलिमीटर पुरेसे आहेत, आणि आमच्याकडच्या दमट हवेत कापलेला पत्रा दोन पावसाळ्यांत गंजणार. शिवाय चेसिसच्या आसपास कापाकापी केली की ‘हात न लावलेली गाडी’ हे म्हणणंच संपलं.

उरलं ते प्लास्टिकचं काम. मडफ्लॅपचे स्क्रू काढून आतली कड धारदार कटरने बोटाच्या रुंदीएवढी कापली आणि तो पुन्हा बसवला. लांबून कळतही नाही. लायनरला हीट गन लावली. हे काम सावकाश करायचं असतं. गन एका जागी धरली तर प्लास्टिक चमकायला लागतं आणि भोक पडतं. हलवत राहिलं की पापडासारखं नरम होतं, मग ओल्या फडक्यात गुंडाळलेला लाकडी ठोकळा त्यावर दाबून धरायचा, थंड होईपर्यंत. मागे पोकळी असते, तिथे लायनर आत सरकतो. मागून जाणारी वायरिंग आधी हाताने चाचपून घेतली. दोन्ही बाजूंना तेच. मग पुन्हा ब्लॉक, पुन्हा कणीक. या वेळी लायनरवर सहा-सात मिलिमीटर उरली. मागच्या चाकांचा प्रश्नच नव्हता. तिथे स्टिअरिंग नाही आणि कमानीत हात घालावा एवढी जागा. तरी पोती भरल्यावर एकदा डोकावून बघितलं, ठीक होतं.

मग बाकीचे तीन टायर चढवले. प्रत्येकाच्या भिंतीवरचा चार आकडी तारखेचा शिक्का बघितला. पहिले दोन आकडे आठवडा, पुढचे दोन वर्ष. पाचही टायर एकाच वर्षाचे निघाले. बॅलन्सिंगला एका चाकाला फारच शिसं लागायला लागलं. मिस्त्रीने न सांगता हवा सोडली, टायर रिमवर अर्धा फेरा फिरवून पुन्हा बसवला आणि शिसं निम्म्यावर आलं. हे ज्याला सुचतं त्या माणसाकडे पुन्हा जायचं, बाकी दुकान कितीही साधं असो. नट मात्र मी हातपान्यानेच, आडव्या-तिडव्या क्रमाने आवळून घेतले आणि कळे गावापर्यंत चक्कर मारून आल्यावर पुन्हा तपासले. नायट्रोजनला नको म्हणालो.

अलाइनमेंट दुसऱ्या दिवशी. तिथे टो (चाकं सरळ पुढे बघतात की आत-बाहेर) सरळ केलाच, पण कास्टरही (चाक वळतं त्या आसाचा मागे-पुढे कल) कंपनीच्या मर्यादेत राहून जेवढं चाक पुढे घेता येईल तेवढं घ्यायला सांगितलं. चाक बॉडी माऊंटपासून आणखी काही मिलिमीटर लांब गेलं आणि स्टिअरिंगही सरळ धावायला लागलं. मोठा टायर घालून अलाइनमेंट न करणारे लोक आहेत. त्यांचे टायर एका बाजूने खाल्लेले बघितले की जीव जळतो.

स्टेपनीचं सांगायचं राहिलं. या गाडीत ती मागे हौद्याखाली केबलला लटकते. नवा टायर तिथे जाईल का, हे मला कोणीच छातीठोकपणे सांगितलं नव्हतं. हवा थोडी कमी करून वर ओढला तर गेला, पण मागच्या आडव्या पट्टीपासून जेमतेम बोटभर अंतर राहिलं. केबल पूर्ण आवळल्याशिवाय तो पट्टीवर आपटत राहील. पाचवा टायर त्याच साइजचा घ्यायचा आग्रह का, तर ही गाडी पार्ट-टाइम फोर-व्हील आहे. फोर-हाय किंवा फोर-लो लावलं की पुढचा आणि मागचा ॲक्सल एकमेकांना बांधले जातात. एक चाक पाच टक्के लहान असेल तर दर फेऱ्याला एक ॲक्सल दुसऱ्याला ओढत राहतो आणि ताण ट्रान्सफर केसवर, म्हणजे दोन्ही ॲक्सलना ताकद वाटणाऱ्या पेटीवर. जुन्या साइजची स्टेपनी असती तर पंक्चर झाल्यावर टू-व्हीलमध्ये हळूहळू घरी येता आलं असतं, पण पंक्चर होतं ते नेमकं पाणंदीत, जिथे फोर-लो लागणार. पाच टायर मिळून ब्याऐंशी हजार गेले. जॅकबरोबर आता एक लाकडी ठोकळाही गाडीत असतो, कारण चाक मोठं झाल्याने जॅकला जास्त उचलावं लागतं.

आता रस्त्यावर. रिमसकट जुनं चाक धान्याच्या काट्यावर २८ किलो भरलं होतं, नवं ३३. हे पाच किलो सस्पेन्शनच्या खालचे आणि फिरणारे, हौद्यात ठेवलेल्या पाच किलोंसारखे नाहीत. उठताना गाडी थोडी आळसावल्यासारखी वाटते. सहाव्या गिअरला हायवेवर चढ आला की पूर्वी तसंच निघून जायचो, आता पाचवा घ्यावा लागतो. घाटात दुसरा आणि तिसरा जास्त वापरले जातात. फोर-लोमध्ये गाडी आधी जितकी सरपटायची त्याहून किंचित वेगाने सरपटते, कारण चाक एका फेऱ्यात जास्त अंतर कापतं. या इंजिनला ते जड नाही. कमी ताकदीच्या पिकअपला मात्र हा फरक चांगलाच जाणवेल. ब्रेक कमी झाले असं म्हणणार नाही, पण ओल्या डांबरीवर पुढच्या गाडीपासून अंतर वाढवून चालवतो. सत्तरच्या पुढे टायरचा गुणगुणाट येतो. आईला तो आवडत नाही. पायरीवर चढताना पाऊण इंचही तिला कळतो, आणि ती ते बोलून दाखवते.

ॲव्हरेजवर जरा थांबायला हवं, कारण मोठ्या टायरविषयी सगळ्यात जास्त अफवा इथेच. “दीड-दोनने पडलं” असं जो तो सांगतो. मला हे मोजायचं होतं, म्हणून जुना टायर काढण्याआधीच अंगणात त्यावर खडूची रेघ मारली, गाडी सरळ ढकलून एक पूर्ण फेरा घेतला आणि जमिनीवरचं अंतर टेपने मोजलं: २ मीटर २९ सेंटिमीटर. नव्या टायरवर तेच केलं: २ मीटर ४२. म्हणजे वाढ साडेपाच टक्क्यांहून थोडी जास्त. गणिताने पाच यायला हवी होती. वरचा फरक झिजेचा. जुना टायर झिजून लहान झाला होता, नवा कोरा.

गाडीच्या मीटरला हे काहीच माहीत नाही. तो चाकाचे फेरे मोजतो आणि जुन्याच मापाने गुणतो. तेव्हा मी खरे १०० किलोमीटर गेलो तर त्याला साडेचौऱ्याण्णवच दिसतात. पूर्वी टाकी भरून टाकी भरेपर्यंत हिशेब केला की १२.६ यायचं. नव्या टायरवर तोच हिशेब ११.४ आला. झाली ना सव्वाची घट! पण ११.४ ला १.०५५ ने गुणा: १२ येतात. खरी घट अर्ध्या-पाऊणची, उरलेली मीटरची. ‘दोनने पडलं’ म्हणणाऱ्या किती जणांनी हा गुणाकार केला असेल याची मला शंका आहे. वेगाच्या काट्याचंही तेच. पूर्वी काटा १०० वर असताना जीपीएस ९५ दाखवायचा, कारण कंपन्या काटा मुद्दाम थोडा पुढे ठेवतात. आता दोन्ही जवळजवळ जुळतात. ऐकायला छान वाटतं, पण पूर्वीची ती उशी गेली. ८० ची मर्यादा असलेल्या ठिकाणी ८० वर काटा ठेवला की खरोखर ८० असतात, कॅमेऱ्यासमोर सूट नाही.

हवा किती ठेवायची? ड्रायव्हरच्या दरवाजाजवळचा स्टिकर जुन्या साइजचा आहे, तो सुरुवातीचा अंदाज म्हणून घ्यायचा. मग टायरवर आडवी खडूची जाड रेघ मारायची, सरळ कोरड्या रस्त्यावर थोडं चालवून यायचं आणि बघायचं. मधली रेघ आधी पुसली गेली तर हवा जास्त, कडेची पुसली तर कमी. माझी पहिल्यांदा मधली गेली. दोन-दोन पीएसआय कमी करत एकसारखी पुसली जाईपर्यंत हे केलं. मागे चिरे भरायचे असतील तेव्हा मागच्या चाकांत हवा वेगळी, अर्थात जास्त. टायरच्या भिंतीवर छापलेला कमाल दाबाचा आकडा पाहून तेवढी हवा भरणारे पंपावर भेटतात, त्यांना हात जोडून थांबवायचं.

जुलैत पाणंदीत गेलो तेव्हा सुरुवातीला हवा तशीच ठेवली होती, मुद्दाम. शेवाळलेल्या कातळाचा जो चढ आहे तिथे नवे टायरही घसरले. ऑल-टेरेन म्हणजे जादू नव्हे. ओल्या शेवाळावर खाचा काही करत नाहीत, तिथे रबर किती पसरून टेकतंय यावर सगळं. मागे येऊन चारही चाकांची हवा २० पीएसआयवर आणली. टायरची भिंत खाली पोटासारखी फुगली आणि टेकणारा पट्टा लांबला. फोर-लो, पहिला गिअर, ॲक्सिलरेटरला धक्का न देता. गाडी चढली. मधे एकदा मागचं चाक फिरलं, पुन्हा पकडलं. पुढे लाल मातीच्या पट्ट्यात तर गंमतच होती. चाक फिरायला लागलं की मातीचे गोळे मागे फटाफट उडत होते, मडगार्डमध्ये आपटत होते आणि टायर प्रत्येक फेऱ्याला स्वच्छ होऊन खाली येत होता. जुन्या टायरला हे कधीच जमलं नाही. बारकी भर अशी की कापलेल्या मडफ्लॅपमुळे दरवाजाच्या खालच्या भागावर आता जास्त चिखल उडतो. ते चालतं. परतताना डांबरीवर यायच्या आधी छोट्या कॉम्प्रेसरने हवा भरली. २० वर हायवे पळवायचा नसतो, भिंत तापून टायर जातो. कॉम्प्रेसर नसेल तर हवा सोडायच्या भानगडीत पडू नये.

पावसाळा संपत आला तेव्हा लायनर आतून पुन्हा बघितला. डाव्या बाजूला एक चकचकीत पट्टा दिसला, नखाएवढा रुंद, म्हणजे कुठेतरी पूर्ण वळणावर खड्ड्यात टायर हलकाच टेकला असणार. टायरवर खूण नाही. बॉडी माऊंटवरचा रंग जसाच्या तसा. खाचांत जांभ्याचे खडे मात्र अडकून बसतात आणि डांबरीवर टिक-टिक वाजतात. स्क्रू-ड्रायव्हरने काढायचं काम भाच्याकडे दिलंय, तो एका चाकाचे दहा रुपये घेतो.

आता पाचही टायर आळीपाळीने फिरवायचे, स्टेपनी धरून, म्हणजे पाचवा नुसता लटकून म्हातारा होत नाही आणि झीजही सारखी राहते. दहा हजार किलोमीटरना एकदा हे करायचं ठरलंय, आणि ऑइलची सर्व्हिसही त्याच मापाने. गॅरेजमधला पोरगा मीटर बघून म्हणतो, अजून पाचशे बाकी आहेत. मी साडेनऊ हजारांना गाडी आत घेतो.